औषधामुळे केस गळतायत, गोळी बंद करावीशी वाटतेय

चैत्रपालवी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच स्वतःचा धागा काढतेय. मला मागे दोनदा फिट आली, सगळ्या तपासण्या झाल्या आणि न्यूरोलॉजिस्टनी सोडियम व्हॅल्प्रोएट सुरू केलं. त्यानंतर फिट आलेली नाही, त्या बाबतीत माझी काहीच तक्रार नाही. पण आता बरेच आठवडे केस इतके गळतायत की डोकं धुवायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. न्हाणीघराच्या जाळीवर पुंजका, उशीवर केस, ऑफिसात खांद्यावर केस, आणि भांग आता इतका रुंद दिसतो की लाइटखाली उभं राहायला नको वाटतं. वेणी हातात धरली की जाणवतं, निम्मी पण राहिली नाहीये.

मागच्या भेटीत डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले फिट महत्त्वाची की केस. आता यावर मी काय बोलणार, फिटच महत्त्वाची, ते मलाही कळतं. पण रोज रात्री गोळी हातात घेतली की वाटतं हीच माझे केस घेऊन चाललीय आणि खरं सांगायचं तर गोळी बंद करून टाकावी असं फार वाटतंय. हे खरंच गोळीमुळे होतंय का, केस परत येतात का आणि गोळी चालू ठेवून काही करता येतं का? कोणाला अनुभव असेल तर प्लीज लिहा.

कासवगती

ताई, बाकीचं सगळे सांगतीलच पण आधी एक गोष्ट, गोळी मनाने बंद करू नका. आज नको, उद्या नको, एक दिवसाआड पण नको. फिटचं औषध अचानक तोडलं तर आधीपेक्षा जोरात फिट येऊ शकते, आणि कधीकधी एक संपायच्या आत दुसरी अशा लागोपाठ येत राहतात, शुद्ध मधे परत येतच नाही. ती जिवावरची इमर्जन्सी असते. माझ्या धाकट्या भावाला बरीच वर्षं हा त्रास आहे म्हणून कळकळीने सांगतोय. औषध बदलता येतं, कमी करता येतं, पण ते डॉक्टरच्या हाताने आणि हळूहळू.

केस गळणं हा व्हॅल्प्रोएटचा माहीत असलेला साइड इफेक्ट आहे, औषधाबरोबरच्या माहितीपत्रकात लिहिलेला असतो. म्हणजे हा तुमच्या मनाचा खेळ नाही.

रानवारा

मला तर वाटतं ही सगळी ॲलोपॅथीची औषधं असंच करतात, एक बरं करायचं आणि दुसरं बिघडवायचं. माझ्या वहिनीने सगळ्या गोळ्या बंद केल्या आणि नैसर्गिक उपचार घेतले तर केस परत आले. चैत्रपालवी, तुम्हीही विचार करा.

कासवगती

रानवारा, वहिनींचे केस आले हे चांगलंच झालं, पण त्यांना गोळ्या कशासाठी होत्या ते तुम्ही लिहिलेलं नाही. दुसऱ्या कशाच्या गोळ्या आणि फिटच्या गोळ्या एका तराजूत कशा घालणार? आणि नैसर्गिक म्हणून मिळणाऱ्या पुडीत नक्की काय आहे आणि ते व्हॅल्प्रोएटबरोबर चालतं का, हे सांगणारं कोणी नसतं. कृपा करून इथे कोणाला गोळ्या बंद करा असं सांगू नका.

तळटीप

मी त्वचारोग विभागात काम करते, रोज या तक्रारीचे पेशंट बघते म्हणून जरा सविस्तर लिहिते, लांबलं तर समजून घ्या.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येक केसाचं स्वतःचं वेळापत्रक असतं. आधी वाढीचा काळ, तो दोन ते सहा वर्षं चालतो, मग दोन-तीन आठवड्यांचा छोटा बदलाचा काळ आणि त्यानंतर साधारण तीन महिन्यांची विश्रांती. विश्रांती संपली की तो केस गळतो आणि त्याच जागी खालून नवा उगवतो. नेहमी ८५ ते ९० टक्के केस वाढीत असतात आणि थोडेच विश्रांतीत, म्हणून दिवसाला ५० ते १०० केस गेले तरी डोकं भरलेलंच दिसतं.

आता औषधाने काय होतं, तर काही औषधांमुळे वाढीतले बरेच केस वेळेआधी एकदम विश्रांतीला जातात. त्या दिवशी तुम्हाला काहीच कळत नाही, केस मुळात घट्ट बसलेला असतो. तो गळतो दोन ते चार महिन्यांनी. म्हणजे आज जाळीवर दिसणारा केस खरं तर काही महिन्यांपूर्वीच सुटायला लागलेला होता. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. म्हणून पेशंट जेव्हा सांगतात की परवा नवी गोळी सुरू केली आणि आज केस गळले, तेव्हा ती गोळी बहुतेक वेळा निर्दोष असते. मागे मोजायचं तीन महिने. त्या सुमाराला काय घडलं होतं, नवी गोळी, डोस वाढवला, मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण, वजन झपाट्याने उतरलं, हे सगळं बघायचं. कित्येकदा लोक तापात घेतलेल्या अँटिबायोटिकला दोष देतात आणि खरं कारण तो तापच असतो.

घरी एक बघता येतं. गळलेला केस पांढऱ्या कागदावर ठेवा आणि टोक बघा. मुळाकडच्या टोकाला बारीक पांढरा गोळा दिसला तर तो विश्रांतीतून गळलेला केस, मुळापासून सुटलेला. तसा गोळा नसेल आणि दोन्ही टोकं साधीच असतील तर तो मधेच तुटलेला केस, त्याचं कारण वेगळं असतं, सततचं स्ट्रेटनिंग वगैरे. लोक त्या पांढऱ्या गोळ्याला घाबरतात, मूळच निघून आलं म्हणतात. तसं नाही, केस जिथून उगवतो ती जागा कातडीत खाली शाबूत असते. म्हणूनच केस परत येतात.

या गटातली औषधं बरीच आहेत. व्हॅल्प्रोएट, लिथियम, हेपॅरिन आणि वॉरफॅरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी, प्रोप्रॅनोलॉलसारखी बीटा ब्लॉकर, ॲसिट्रेटिन आणि आयसोट्रेटिनॉइन म्हणजे व्हिटॅमिन ए च्या घरातली, मेथोट्रेक्सेट, लेफ्लुनोमाइड, कार्बिमाझोल. पण ही यादी वाचून कोणी आपलं औषध काढून टाकू नका. ही औषधं घेणाऱ्या बहुतेकांचे केस शाबूत राहतात.

चैत्रपालवी, तुमचं वर्णन या प्रकाराला अगदी जुळतं. व्हॅल्प्रोएटचं केस गळणं डोसवर बरंच अवलंबून असतं, डोस कमी केला तर पुष्कळ जणांचं थांबतं. आणि परत येणारे केस काहींना आधीपेक्षा कुरळे येतात, तेही या औषधाचं ओळखीचं लक्षण आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डॉक्टरांना केस गळतायत एवढंच सांगू नका. या केसांमुळे मला गोळी बंद करावीशी वाटतेय, असं सांगा. दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं ऐकून डॉक्टर हे दिसण्याचं दुखणं समजतात, दुसरं ऐकलं की त्यांना कळतं पेशंट औषध सोडण्याच्या बेतात आहे आणि फिट परत येऊ शकते. ओपीडीत इतकी बाई-माणसं बघते मी ज्यांनी कोणाला न सांगता गोळ्या सोडलेल्या असतात, केवळ केसांपायी, आणि कारण विचारलं की मान खाली घालतात, जणू केसांचं दुःख करणं म्हणजे चैन आहे.

चैत्रपालवी

तळटीप, तुमचं उत्तर परत परत वाचलं. केस कागदावर ठेवून पाहिले, सगळ्यांना पांढरा गोळा आहे. हे वाचेपर्यंत तो बघून मला वाटत होतं आता तिथे परत काही उगवणारच नाही. मधेच डोस वाढवला होता, त्यानंतर साधारण तीन महिन्यांनीच हे सुरू झालं, हिशोब बरोबर लागतोय. गोळी बंद करत नाहीये, कासवगती दादा, काळजी करू नका.

अबोली_क्ष

माझं संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आहे. केस विरळ झाले पण टक्कल वगैरे पडलं नाही, आणि डॉक्टरांनी फोलिक ॲसिड नीट सुरू केल्यावर बरंच आटोक्यात आलं. मी हे लिहितेय ते वेगळ्या कारणासाठी. संधिवातात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, ठरलेल्या एका वारी. चुकून रोज घेतलं गेलं तर ते विषासारखं काम करतं. केस अचानक भसाभस गळायला लागले आणि सोबत तोंडात फोड आले, ताप आला, कुठेही निळे-काळे डाग दिसायला लागले तर तो नुसता केसांचा प्रश्न नसतो, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मी गोळीच्या डबीवर वार मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय.

आणि संधिवात, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) असले आजार स्वतःसुद्धा केस घालवतात. माझ्या ओळखीतल्या एकीचे केस ल्युपसने गेले आणि औषध लागू पडल्यावर आले. म्हणजे औषधाने केस परत आले, असंही होतं.

दीपमाळ

अबोलीशी सहमत. माझी बहीण लिथियमवर आहे. तिचे केस गळायला लागले तेव्हा आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो की लिथियममुळे. तिच्या सायकियाट्रिस्टनी मात्र आधी थायरॉइड तपासायला लावलं आणि टीएसएच वाढलेलं निघालं, म्हणजे थायरॉइड मंदावल्याची खूण. लिथियममुळे थायरॉइड मंदावू शकतं आणि थायरॉइड मंदावलं की केस जातात, म्हणजे औषध कारणीभूत आहेच पण वळसा घालून. थायरॉइडची गोळी सुरू झाली, लिथियम तसंच चालू आहे, आणि हळूहळू गळणं कमी झालं. लिथियम घेणाऱ्यांची थायरॉइड आणि किडनीची तपासणी ठरावीक काळाने व्हायलाच हवी, केस गळोत न गळोत.

त्या काळात ती आरशासमोर जायची नाही. मूडच्या आजारात असं काही झालं की माणूस अजून खचतं, त्यामुळे केसांना क्षुल्लक म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो.

नवी_वाट

मी केमोवाली. माझा प्रकार वेगळा आहे म्हणून लिहितेय, कारण नवीन निदान झालेलं कोणी हे वाचत असेल तर घाबरून जाईल की तीन महिन्यांनी वगैरे काय ते होणार.

केमोत तीन महिने लागत नाहीत. काही औषधं, डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल, डोसेटॅक्सेल, सायक्लोफॉस्फामाइड, ही झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवरच घाव घालतात आणि केसाच्या मुळातल्या पेशी शरीरातल्या सगळ्यात झपाट्याने वाढणाऱ्यांपैकी, त्यामुळे केस वाढीच्या काळातच मोडतो. पहिल्या सायकलनंतर, म्हणजे केमोच्या पहिल्या फेरीनंतर, दोन-तीन आठवड्यांत सुरू होतं. माझं आधी डोकं दुखायला लागलं, म्हणजे आतून नाही, कातडी, उशीला टेकवलं तरी हुळहुळायचं, केसांची दिशा बदलली तरी दुखायचं. मग हात फिरवला की मूठभर हातात. मी केस आधीच बारीक कापून घेतले होते, ते मला बरं पडलं, लांब केसांचे झुपके बघण्यापेक्षा छोटे केस बघणं सोसलं.

जे कोणी सांगत नाही ते सांगते. भुवया गेल्या, पापण्या गेल्या. पापण्या नसल्या की वाऱ्यात डोळ्यात सारखी धूळ जाते, घाम थेट डोळ्यात उतरतो. नाकातले केस जातात तर नाक पाण्यासारखं गळत राहतं, सर्दी नसताना. रुमाल हातातच असायचा. डोक्याला थंडी किती वाजते हेही मला माहीत नव्हतं, रात्री मऊ टोपी घालून झोपायचे. विगपेक्षा मला साधा सुती स्कार्फ आवडला, विग आतून टोचायचा.

सगळ्या केमोत केस जात नाहीत हे पण लिहिते, औषधाप्रमाणे फरक असतो, काहींत नुसते विरळ होतात. कुठलं औषध देणार आणि त्याने केस जातात का, हे आधीच विचारा, तो हक्काचा प्रश्न आहे.

माझे केस केमो संपल्यावर काही महिन्यांत आले, आधी मऊ लव, मग कुरळे, माझे जन्मभर सरळ होते! नंतर ते कुरळेपण गेलं. आता लेट्रोझोल ही हार्मोन कमी करणारी गोळी चालू आहे आणि त्याने पुढचा भाग जरा विरळ झालाय, ते मात्र केमोसारखं येऊन-जाऊन नाही, गोळी चालू आहे तोवर थोडं राहणार असं डॉक्टर म्हणाले. मी गोळी घेणार आहे, पूर्ण काळ घेणार आहे. पण मला केसांचं वाईट वाटतं आणि मी ते बोलून दाखवते.

चैत्रपालवी

नवी_वाट ताई, तुम्हाला मनापासून नमस्कार. नाकातल्या केसांचं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

सावली_सोबत

नवी_वाट, केमोच्या वेळी डोकं गार ठेवायची टोपी असते असं वाचलंय, तुम्ही वापरली होती का? माझ्या मावशीची केमो पुढच्या महिन्यात सुरू होतेय.

नवी_वाट

मी नाही वापरली, मला उशिरा कळलं. टोपी औषध सुरू व्हायच्या अर्धा तास आधीपासून घालायची, औषध चालू असताना आणि नंतरही दीड तास किंवा जास्तच. गारव्याने डोक्याच्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध मुळांपर्यंत कमी पोहोचतं आणि तिथल्या पेशींचं कामही मंदावतं. माझ्या वॉर्डात एक जण वापरायच्या, त्यांचे विरळ झाले पण राहिले. पहिली काही मिनिटं डोकं ठणकतं असं त्या सांगायच्या.

तळटीप

थोडी भर घालते. अमेरिकेत एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, अशा कूलिंग यंत्राला २०१५ मध्ये ब्रेस्ट कॅन्सरसाठी परवानगी दिली आणि २०१७ मध्ये ती इतर गाठींच्या कॅन्सरसाठी वाढवली. सगळ्यांना गुण येतो असं नाही. पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधांत चांगला येतो, डॉक्सोरुबिसिन असेल तर कमी. रक्ताच्या कॅन्सरमध्ये वापरत नाहीत, कारण तिथे औषध सगळीकडे पोहोचायलाच हवं. मावशींच्या ऑन्कोलॉजिस्टना पहिल्या सायकलच्या आधीच विचारा, एकदा केस जायला लागल्यावर टोपीचा फार उपयोग नाही. आणि डोसेटॅक्सेल असेल तर हे जरूर विचारा, कारण त्यात क्वचित केस कायमचे विरळ राहिलेले पेशंट आहेत.

उंबरठा_७

माझं वजन कमी करायचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन चालू आहे, वजन छान उतरलं पण आता केस. हे इंजेक्शनमुळे का? माहितीपत्रकात लिहिलंय पण कोणी आधी बोललं नाही.

तळटीप

वजनासाठीच्या डोसच्या चाचण्यांत साधारण १०० पैकी ३ जणांनी केस गळण्याची तक्रार केली होती आणि औषध नसलेलं इंजेक्शन घेणाऱ्यांत १०० पैकी १. ज्यांचं वजन जास्त उतरलं त्यांच्यात हे जास्त दिसलं, म्हणून संशय औषधापेक्षा वजन झपाट्याने उतरण्यावर आहे. वजनाचं ऑपरेशन झालेल्यांनाही हेच होतं. भूक मेली की जेवण कमी, जेवण कमी की प्रोटीन आणि लोह कमी, आणि केस हा शरीराच्या दृष्टीने जगायला गरजेचा भाग नाही, तिथला पुरवठा आधी कापला जातो. तुम्ही दिवसभरात प्रोटीन किती घेता ते आहारतज्ज्ञांकडून तपासून घ्या आणि रक्तात फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, बघा. वजन एका जागी स्थिरावलं की बहुतेकांचं थांबतं.

उंबरठा_७

धन्यवाद. जेवण खरंच अगदीच कमी झालंय. मी तोवर बायोटिनच्या (बी गटातलं एक व्हिटॅमिन) गोळ्या सुरू केल्यात, मैत्रिणीने सांगितलं जास्त पॉवरच्या घे.

परखनळी

थांबा थांबा, यासाठीच लॉगिन केलं. मी लॅबमध्ये काम करतो. बायोटिन जास्त डोसमध्ये चालू असेल तर रक्ताच्या काही तपासण्या चुकीच्या येतात. कित्येक तपासण्यांची पद्धतच अशी आहे की त्यात बायोटिन जोडणीसाठी वापरलेलं असतं, आणि तुमच्या रक्तात बाहेरून आलेलं भरमसाठ बायोटिन असलं की मशीन फसतं. टीएसएच खोटं कमी दिसतं, थायरॉइड हार्मोन खोटं जास्त दिसतं, म्हणजे कागदावर थायरॉइड वाढल्यासारखं चित्र येतं आणि माणूस ठणठणीत असतो. त्याहून वाईट म्हणजे हार्ट अटॅकसाठी बघतात ते ट्रोपोनिन खोटं कमी येऊ शकतं. एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता.

आणि नेमकं केस गळतात म्हणून लोक बायोटिन घेतात, आणि केस गळतात म्हणूनच डॉक्टर थायरॉइड तपासायला पाठवतात! रक्त द्यायच्या आधी बायोटिन घेतो हे डॉक्टरांना पण सांगा आणि लॅबवाल्याला पण सांगा, ते किती दिवस आधी बंद करायचं ते सांगतील. आमच्याकडे विचारलं तर लोक म्हणतात औषध काही चालू नाही, कारण केसांच्या गोळीला कोणी औषध धरतच नाही.

तळटीप

परखनळी, फार मोलाचं लिहिलंत. यात अजून एक, केसांसाठी म्हणून मिळणाऱ्या मिश्र गोळ्यांत व्हिटॅमिन ए आणि सेलेनियमही असतं. दोन्ही प्रमाणाबाहेर गेले तर त्यांनीच केस गळतात. दोन-तीन वेगवेगळ्या डब्या एकदम चालू असतील तर बेरीज करून बघा. आणि बायोटिनची खरी कमतरता मुळात फार कमी जणांना असते.

रानवारा

सगळं वाचलं. वहिनींना विचारलं, त्यांच्या गोळ्या पाळी नियमित व्हायच्या होत्या, आणि केस म्हणे गोळ्या बंद केल्यानंतर आधी अजून गळले आणि मग काही महिन्यांनी आले. हे कसं काय?

तळटीप

हार्मोनच्या गोळ्या असतील तर होतं असं. त्या चालू असताना बरेच केस वाढीच्या काळात टिकून राहतात, बंद केल्या की ते एकदम विश्रांतीला जातात आणि तीन महिन्यांनी गळतात. बाळंतपणानंतर केस जातात त्याचं कारणही जवळपास हेच. ते गळणं आपोआप थांबलं असतं, सोबत कुठलाही उपचार असो वा नसो.

कासवगती

मला एक विचारायचं होतं, मिनॉक्सिडिल लावलं तर? भावाला कोणीतरी सुचवलंय.

तळटीप

मिनॉक्सिडिल मुळात ब्लड प्रेशरची गोळी. १९७९ मध्ये त्यासाठी अमेरिकेत परवानगी मिळाली, आणि घेणाऱ्यांच्या अंगभर केस वाढायला लागले म्हणून त्यातून डोक्याला लावायचं औषध निघालं, त्याला १९८८ मध्ये परवानगी मिळाली. म्हणजे हाही औषधाचा साइड इफेक्टच. आनुवंशिक टक्कल असेल तर त्याचा उपयोग आहे. औषधामुळे गळत असतील तर मूळ कारण तसंच ठेवून नुसतं हे लावणं अर्धवट काम आहे, कधी सोबत देतात, पण डॉक्टर ठरवू देत. सुरुवातीच्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळतात, ते अपेक्षित असतं, पण माहीत नसलं की लोक घाबरून सोडतात. आनुवंशिक टकलासाठी लावत असाल तर बंद केल्यावर त्याने आलेले केस काही महिन्यांत परत जातात. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने वापरू नये. घरात मांजर असेल तर फार सांभाळा, मांजरांना ते थोडंसुद्धा विषारी आहे, लावलेलं डोकं टेकवलेली उशी चाटली तरी.

चैत्रपालवी

अपडेट द्यायला आलेय. काल डॉक्टरांकडे गेले. तळटीप यांचं वाचून एका कागदावर सगळं लिहून नेलं, गोळी कधी सुरू झाली, डोस कधी वाढला, गळणं कधी सुरू झालं, आणि भांगाचे एकाच खिडकीपाशी काढलेले फोटो. आणि ते वाक्य म्हटलं. केसांमुळे मला गोळी बंद करावीशी वाटतेय. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदा नीट विचारलं, किती दिवसांपासून असं वाटतंय.

मग बराच वेळ बोलले. रक्त तपासलं, फेरिटिन बरंच कमी आलंय, थायरॉइड ठीक आहे. लोहाची गोळी सुरू केलीय. पुढे मूल हवंय का तेही विचारलं. मला कल्पनाच नव्हती, गरोदरपणात व्हॅल्प्रोएट चालू असेल तर बाळाला व्यंग होण्याचा धोका १० पैकी १ इतका असतो आणि नंतर मुलाच्या बुद्धीच्या वाढीवर पण परिणाम होऊ शकतो, म्हणून मूल होण्याच्या वयातल्या बायकांना शक्यतो हे औषध टाळतात. माझं लग्न ठरायचंय अजून, पण हे आधीच बोलायला हवं होतं असं ते स्वतःच म्हणाले. तर आता लॅमोट्रिजिन या फिटच्याच दुसऱ्या औषधाकडे वळवायचं ठरलंय. ते अगदी थोड्या डोसने सुरू करून फार हळू वाढवतात कारण घाई केली तर अंगावर गंभीर पुरळ येऊ शकतं, आणि व्हॅल्प्रोएट सोबत असताना लॅमोट्रिजिन रक्तात जास्त साठतं म्हणून अजूनच हळू. तोवर दोन्ही चालू. अंगावर पुरळ दिसलं की लगेच फोन करायचा असं बजावलंय. केसांना वेळ लागेल, महिन्याला साधारण एक सेंटीमीटरच वाढतात म्हणाले.

कासवगती

वा, फार बरं वाटलं वाचून. बदल चालू असताना रात्रीची जागरणं टाळा, झोप मोडली की फिट येण्याची शक्यता वाढते. आणि गाडी चालवणं, एकटीने पोहणं वगैरे बद्दल डॉक्टरांना विचारून घ्या.

नवी_वाट

शाब्बास ग. त्या कागदाची एक प्रत स्वतःकडे ठेव, पुढच्या वेळी दुसरे डॉक्टर असले तर परत पहिल्यापासून सांगावं लागत नाही.

दीपमाळ

बहिणीला हा धागा वाचून दाखवला. ती विचारतेय, तिच्या कपाळाजवळ बरेच बारीक, उभे राहणारे केस दिसायला लागलेत. हे नवीन उगवलेले की तुटलेले, कसं ओळखायचं?

तळटीप

त्यातला एक केस गडद कापडावर किंवा कागदावर धरून टोक बघा, भिंगातून दिसलं तर उत्तम. नवीन उगवलेल्या केसाचं टोक निमुळतं होत जातं, कारण त्याला अजून कात्री लागलेली नसते. तुटलेल्या केसाचं टोक बोथट किंवा फाटलेलं असतं. कपाळाजवळ सगळे साधारण एकाच लांबीचे आणि निमुळते असतील तर ते नवीन आहेत. तिला सांगा, ते घट्ट बांधून मागे ओढू नकोस, मोकळे राहू देत.